भाताची कटती

दिघोरीच्या धान खरेदी केंद्रावर दोन काटे होते. एक जमिनीवरचा, लोखंडी पाटाचा, लाल आकडे दाखवणारा. दुसरा कवडू मापाड्याच्या डोळ्यात. पहिला अधूनमधून बिघडायचा. दुसरा तीस वर्षांत बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हमालाच्या पाठीवरून कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, खाली उतरायच्या आधीच कवडू खुर्चीतून सांगायचा, "चाळीसले पाव कमी हाये. मूठभर टाक." कट्टा पाटावर ठेवला की लाल आकडा तेच सांगायचा आणि शेतकरी गुमान मूठभर धान टाकायचा.

मोजणीत पहिल्या कट्ट्याला कवडू 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत असे. लाभ, दोन, तीन, चार. त्याचा बाप तसं म्हणायचा, बापाचा बापही म्हणायचा. का, ते कवडूला सांगता आलं नसतं; पण 'एक' म्हणणारा मापाडी त्याला टोपी न घालता नवरदेव निघावा तसा वाटायचा.

अशा या माणसाचं स्वतःचं वजन किती, हे मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो काट्यावर कधी चढलाच नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मोजनाऱ्यानं मोजून घेऊ नये." हे कुठं लिहिलंय असं विचारायची सोय नव्हती, कारण तोवर कवडू दुसऱ्या कट्ट्याकडे वळलेला असे. अंदाज मात्र ज्याचे त्याचे होते. केंद्रावर तो प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकीत एक घालून बसायचा आणि तरी हंगामाला तीन जोड्या लागायच्या. लाखांदूरच्या एसटीत तो बसला की कंडक्टर शेजारच्या सीटसाठी प्रवासी बोलवत नसे; शेजारची सीट उरलेलीच नसे. खुर्चीतून उठायचं झालं की तो आधी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून त्यांची समजूत काढायचा, मग हाक मारायचा, "परश्या, हात दे बे."

परश्या म्हणजे परसराम, केंद्रावरचा जुना हमाल आणि कवडूचा शाळेपासूनचा सोबती. अंगानं इतका वाळका, की चाळीस किलोचा कट्टा त्याच्या पाठीवर असला म्हणजे कोण कुणाला नेतंय असा प्रश्न पडावा. कवडूला उठवणं हे त्याचं एक काम. दुसरं काम दुपारचं. जेवण झालं की कवडू खुर्चीतच झोपायचा आणि घोरायचा; गिरणीचं इंजिन चालावं तसा. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण मध्येच घोरणं एकदम बंद पडायचं. छातीही हलायची नाही. रांगेतले शेतकरी बोलायचं थांबत. पाच झाले, दहा झाले, आणि मग परसराम टेबलावर मूठ आपटायचा. कवडू 'घर्रर्र' करून पुन्हा सुरू व्हायचा.

"झाला चालू," परसराम सांगायचा, आणि लोक श्वास सोडायचे. कवडूनं नव्हे, तर त्यांनीच धरून ठेवला होता असं वाटायचं.

कवडूची नात गुड्डी दहा वर्षांची. तिचे आईबाप, म्हणजे कवडूचा मुलगा मंगेश आणि सून, नागपुरात कामाला होते. पोरगी आजाआजीकडे दिघोरीत शिकत होती. ती शाळा सुटली की दप्तरासकट केंद्रावर यायची आणि आजाच्या बाजूला धानाच्या थप्पीवर बसायची. चेहरा आजाचा, चाल आजाची, बसणंही आजाचंच. आजा मागं रेलला की ती रेलायची, आजानं ढेकर दिला की तीही प्रयत्न करायची. परसराम म्हणायचा, "मोठा कट्टा आन् लहान कट्टा." गुड्डीला त्याचा राग येत नसे. तिला अभिमान वाटायचा.

आजी उषाबाई तर पोरीवर खूश होती. खात्यापित्या घरचं लेकरू आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळत होतं. तिला एकच खंत होती. गुड्डीची मान मागून काळी पडली होती. उषाबाईला वाटायचं, पोट्टी आंघोळ नीट करत नाही. म्हणून ती रोज सकाळी तिला मोरीत बसवून दोडक्याच्या शिराळीनं मान घासायची, शिराळीनं नाही झालं तर दगडानं. मान लाल व्हायची, गुड्डी केकाटायची, आणि दुसऱ्या दिवशी मान होती तेवढीच काळी.

"कुठं लोळते काय मालूम!" उषाबाई म्हणायची. "भांड्याची कालिख निंगते, पन हिची मान निंगत नाई."

दिवाळीनंतर शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि उपकेंद्रातून निरोप आला, गुड्डीला घेऊन घरच्यांनी यावं. उपकेंद्रात त्या वर्षी प्रतिक्षा सिस्टर नवी आली होती. नवी म्हणजे कामावर नवी, गावात नव्हे. ती परसरामचीच मुलगी. भंडाऱ्याला शिकून आलेली आणि बोलायला बापाच्या बरोबर उलटी. बाप हातानं काम करायचा, ही शब्दांनी.

"काकू, हा मळ नाही," तिनं गुड्डीची मान बघून उषाबाईला सांगितलं.

"मंग का हाये?"

"वजन लय वाढलं की शरीराला साखर सांभाळणं जड जाते. तेव्हा मानेवर, काखेत अशी काळी घडी पडते. ही खूण आहे. घासून जाणार नाही."

उषाबाईनं नातीच्या मानेकडे पाहिलं. दोन वर्षं आपण खुणेलाच घासत होतो, हे ध्यानात येऊन तिचं तोंड उतरलं. गुड्डीचं मात्र खुललं. "मी म्हनतच होती! मी म्हनतच होती आंघोळ करतो म्हनून!"

"तुझं वजन अठ्ठेचाळीस भरलं," प्रतिक्षा तिला म्हणाली. "दोन जिने चढली की धाप लागते ना? गुडघे दुखतात ना?"

"आबाजीचे बी दुखतात," गुड्डी म्हणाली. जसं काही हे घरात चालत आलेलं दागिन्यासारखं काही होतं.

मग प्रतिक्षानं कवडूकडे मोर्चा वळवला. कवडू दाराशीच उभा होता, म्हणजे दार बंद झालेलंच होतं.

"काका, तुम्हीही या काट्यावर."

"मी कायले? मी त मापाडी हाओ."

"म्हणूनच. एकदा मापात या."

बाहेर गोळ्या घ्यायला आलेल्या पाचसहा बाया बसल्या होत्या. नाही म्हणावं तर भ्याला असं होणार. कवडूनं चप्पल काढली, टोपी काढली, खिशातली तंबाखूची डबी काढली, आणि श्वास धरून त्या लहानशा घड्याळी काट्यावर पाय ठेवला. काटा थरथरला आणि पळत सुटला. पन्नास, ऐंशी, शंभर, एकशेवीस. आकडे एकशेतीसला संपत होते आणि तिथंच शून्य होतं. काटा शून्य ओलांडून पुढं गेला आणि दम खाऊन थांबला.

गुड्डीनं वाकून वाचलं. "चार!"

बाहेरच्या बायांत गोदावरीबाई होती. तिनं पदर तोंडाला लावला. "चार किलो? मायबाई, आत्ताच जनमला का जी?"

संध्याकाळपर्यंत गावात हे पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर कवडूला जो भेटेल तो विचारत होता, "काय मापाडी, दूध पिऊन राहिला का?"

पण उपकेंद्रात प्रतिक्षा हसली नव्हती. तिनं कवडूचं बोट पकडून सुई टोचली. कवडू ओरडला, "परखी मारली का व मले!" परखी म्हणजे पोत्यात खुपसून धानाचा नमुना काढायची टोकदार नळी, आयुष्यभर कवडूनं ती दुसऱ्यांच्या पोत्यात खुपसली होती. नमुना काही चांगला निघाला नाही. साखर अडीचशेच्या वर. रक्तदाबही वर. घोरणं मध्येच बंद पडतं हे उषाबाईनं सांगितल्यावर प्रतिक्षानं मान हलवली आणि म्हणाली, तेही वजनाचंच पिल्लू आहे; झोपेत गळा दबतो, श्वास अडतो, म्हणून दिवसा डुलक्या येतात.

"तुमच्या गोळ्या डॉक्टर सुरू करतील," ती म्हणाली. "पण काका, मले तुमच्यापेक्षा या पोरीची काळजी आहे. तुम्हाले जे पन्नाशीनंतर झालं, ते हिले पंचविशीच्या आत होईल. आत्ता आवरलं तर मागं फिरू शकते. महिनाभर रोज चालायचं, ताटातला भात अर्धा, तळलेलं आणि बाटलीतलं गोड पाणी बंद. महिन्यानं वजन पाहू. उतरलं तर ठीक, नाहीतर लाखांदूरला नेऊन शिरेतलं रक्त तपासू."

शिरेतलं, हे ऐकताच गुड्डीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. मग तिनं आजाकडे पाहिलं. "आबाजी जे करन थेच मी करन."

"ऐकलं ना?" प्रतिक्षा म्हणाली.

कवडूनं ऐकलं होतं. घरी येताना पोरगी त्याच्या बोटाला धरून चालत होती आणि दर वीस पावलांवर दोघंही थांबून दम खात होती, एकदम, ठरवल्यासारखी. कवडूला पहिल्यांदाच ते पाहून बरं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी सगळं झोकात सुरू झालं. उषाबाईनं ताटात अर्धा भात वाढला. लाखोरीची डाळ, पोपटाच्या शेंगांची भाजी, आणि मध्ये भाताची एवढीशी टेकडी. कवडू टेकडीकडे बघत राहिला. झाडीपट्टीतल्या माणसाला भाताशिवाय जेवण म्हणजे नुसतं हात धुणं. तो बघत राहिला, आणि त्याच्यातला मापाडी जागा झाला.

"उषे, हे किती हाये?"

"अर्धा. आधीच्या अर्धा."

"वजनानं म्हनतो मी."

घरातला लहान काटा आला. भात पाव किलो भरला.

"आता आयक," कवडू मांडी सावरून म्हणाला. "धान घेताना आमी ओलावा पाहतो का नाई? ओला माल असन त कटती कापतो. शंभर किलो ओलं धान आनलं त शंभर थोडीच धरतो? पानी वजा करून जे उरन थे खरं वजन. बरोबर?"

"बरोबर."

"मंग भात का हाये? ओला माल! अर्ध्याहून जास्ती पानीच हाये. म्हंजे या पाव किलोत खरा माल शंभर ग्रामबी नाई. सिस्टरनं अर्धा भात सांगतला, थो कटती कापून सांगतला असन ना? शिकेल पोरगी हाये थे."

उषाबाई विचारात पडली. तीस वर्षं गावाचं धान ज्यानं मोजलं, त्याच्याशी ओलाव्यावर वाद कसा घालायचा? तिनं डावभर भात आणखी घातला. मग दुसरा घातला. टेकडीचा डोंगर झाला. कटती कापली तर ती अजूनही टेकडीच होती.

गुड्डीनं ताट पुढं केलं. "आजी, माह्यी बी कटती काप."

याच हिशेबानं महिना गेला. आलूबोंड्यात बटाटा असतो आणि बटाट्यात पाणी, कटती. भज्यात तर निम्मी हवाच. हवेला कोण तोलतो? उकडलेले शिंगाडे तळ्यातूनच येतात, म्हणजे मुळात पाणी. रोज सकाळी आजा-नात तळ्याच्या पाळीवर चालायला निघायचे. पाळीच्या तोंडाशीच डोमाची चहाची टपरी होती. आजा म्हणायचा, "दम खाऊ." दोघं बसायचे, दमाबरोबर बोंडेही खायचे, आणि डोमा विचारायचा, "चाल्ले किती आज?"

"जाता-येता धरून?" कवडू विचारायचा, आणि उत्तर द्यायच्या आधी दुसरा बोंडा उचलायचा.

खोटं बोलतोय असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. तो फक्त मोजत होता.

डिसेंबर आला. खरेदीचा हंगाम ऐन भरात आला, केंद्रावर पोत्यांच्या थप्प्या छपराला भिडल्या. प्रतिक्षा सिस्टर एका सकाळी वही घेऊन केंद्रावरच हजर झाली. उपकेंद्राचा काटा कवडूला पुरत नव्हता. धानाचा काटा तीनशे किलोपर्यंत तोलायचा. रांगेत पंधरावीस शेतकरी होते. चार किलोच्या माणसाचं वजन होणार म्हटल्यावर एकाचाही पाय हलेना. रांगेतल्या मधुकररावांनी तर आपला ट्रॅक्टरच बंद केला. गोदावरीबाई कट्ट्यावर बैठक मारून बसली. उषाबाई डबा घेऊन आली होती, तीही थांबली.

गेल्या आठ दिवसांत कवडूला विजारीची नाडी बांधायला नाडीच उरत नव्हती. आपलं वजन उतरलं नाही, चढलंय, हे त्याच्या डोळ्यातल्या काट्यानं त्याला केव्हाच सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं नव्हतं एवढंच. आता सगळ्यांसमोर लाल आकडा उमटणार. आणि आजाचं नाही उतरलं, तर नात म्हणेल, मंग मी कायले करू?

पोरीसाठीच, असं तो मनात म्हणाला. माणूस वाकडं काम करायला निघाला की आधी कुणासाठी तरी करतो.

"थांबा, काटा पुसून घेतो," असं म्हणून तो पाटाशी वाकला. तीस वर्षांत कवडूनं काट्यातल्या साऱ्या लबाड्या पाहिल्या होत्या, दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्यांच्या पकडल्याही होत्या. पाट आणि खालची चौकट यांच्या मधल्या फटीत लाकडाची बारीक पाचर सरकवली, की वजनाचा काही भार पाचर खाते आणि काट्याला कमी कळतं. त्याच्या बोटांनी ते काम इतकं सफाईनं केलं की बोटांना आधीपासून येतच होतं की काय, याची त्यालाच भीती वाटली.

तो पाटावर चढला. लाल आकडे धावले आणि थांबले. एकशेएकवीस.

"तेरा किलो!" प्रतिक्षा ओरडली. "काका, तेरा किलो उतरले!"

टाळ्या पडल्या. मधुकररावांनी हॉर्न वाजवला. गोदावरीबाई म्हणाली, "दिसते ना! तोंड कसं बारीक झालं!" कवडूचं तोंड पिकल्या भोपळ्यासारखं तसंच होतं, पण टाळ्यांत ते बारीक वाटलं. एकटा परसराम टाळी वाजवत नव्हता. ज्याला रोज हात धरून उठवतो, त्याचं वजन तेरा किलोनं उतरलं असतं तर आधी त्याच्या खांद्याला कळलं असतं.

उतरताना कवडूनं पायाच्या अंगठ्यानं पाचर बाहेर ओढली आणि धानाच्या सांडीत दाबली. गुड्डीचं माप खरं व्हायला पाहिजे. आपलं एक वेळ चालेल.

गुड्डी पाटावर चढली. नीट, ताठ, दोन्ही हात मागं बांधून, शाळेत प्रार्थनेला उभी राहावी तशी. आकडे थांबले.

"त्रेचाळीस!" प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाच किलो! गुड्डे, शाबास! आता लाखांदूरला न्यायची घाई नाही. मी डॉक्टर मॅडमले फोन करून कळवतो."

पुन्हा टाळ्या. उषाबाईनं तिथल्या तिथं नातीची दृष्ट काढली. कवडू टाळी वाजवायला गेला आणि त्याचे हात मध्येच राहिले. त्याच्या डोळ्यातला काटा बोलला होता. पन्नास. थोडं वरच, खाली नाही. पाचर तर काढली होती. मग?

तो एक पाऊल बाजूला सरकला. पाटाच्या मागंच कट्ट्यांची थप्पी होती, ताडपत्रीला बांधलेला दोर तिच्यावरून खाली लोंबत होता. गुड्डीनं मागं बांधलेल्या हातांत तो दोर होता, आणि ती त्याला अशी लोंबकळली होती की सहासात किलो गुड्डी काट्यावर नव्हतीच, थप्पीवर होती.

पोरीनं आजाकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. मग पाटाच्या फटीकडे हनुवटीनं खूण केली. तिनं पाचर पाहिली होती.

आजा रेलला की रेलणारी, आजाची धाप, आजाचे गुडघे, आजाची कटती घेणारी पोर. तिनं हेही घेतलं होतं. एका मिनिटात, न शिकवता. आणि प्रतिक्षानं फोन कानाला लावला होता. पलीकडून कुणी उचललं की पोरीची तपासणी गेली. मग कोण कशाला तिच्या मानेकडे पुन्हा बघणार?

थांब म्हणायचं, तर पुढचं सगळं सांगावं लागणार. आणि मापाड्यानं आपल्याच काट्यात पाचर मारली हे एकदा रांगेसमोर कबूल केलं, की त्या काट्यावरचा कुठला आकडा कोण खरा धरणार? तीस वर्षांत कमावलेलं तेवढं एकच होतं. वजन सोडून.

"प्रतिक्षा," तो म्हणाला. आवाज घोरण्यासारखा निघाला. "फोन ठेव. माप खोटं हाये."

"कुनाचं?"

"दोघायचं."

त्यानं वाकून, कष्टानं, सांडीतली पाचर उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे माह्यी. आन् पोरीच्या हातात दोर हाये. सोड व गुड्डे."

गुड्डीनं दोर सोडला. लाल आकडा टुणकन पन्नासावर गेला.

एवढी शांतता केंद्रावर फक्त कवडूचं घोरणं बंद पडल्यावर व्हायची. परसरामनं सवयीनं टेबलावर मूठ आपटली.

मग एकदम कल्ला झाला. "आन् माह्या धानाचं का मंग?" मधुकरराव ट्रॅक्टरवरून उतरून आले. "परवा माह्ये दोन कट्टे कमी भरवले तुनं!"

"थे खरंच कमी होते जी," कवडू म्हणाला.

"आता तुह्यावर इस्वास कसा ठेवू मी?"

"मधुकरराव," परसराम मध्ये पडला, "ह्या मानसानं तीस वर्षांत पैल्यांदा लबाडी केली, आन् दहा मिंटं बी पचली नाई त्याले. बोंडे पचते, लबाडी पचत नाई. अजून कसा इस्वास पायजे तुमाले?"

कुणीतरी हसलं. मधुकररावांना हसू आवरेना, तरी त्यांनी आपले दोन कट्टे पुन्हा तोलायला लावले. पहिल्याइतकेच कमी भरले. मग त्यांनी कवडूकडे बोट केलं. "आता हा कट्टा."

कवडू पाटावर चढला. या वेळी फटीत परसरामनं स्वतः बोट फिरवून पाहिलं. एकशेसदतीस किलो चारशे ग्राम.

परसराम मान वाकडी करून आकड्याकडे बघत होता. "बारदाना कापा," रिकाम्या पोत्याचं वजन वजा करावं तसा तो गंभीरपणे म्हणाला. "सहाशे ग्राम कपडालत्ता."

"आन् ओलावा!" उषाबाई म्हणाली. "अजी, ओलाव्याची कटती राहिली ना?"

प्रतिक्षानं मान वर केली. "कशाची कटती?"

उषाबाईनं सगळं सांगितलं. भाताचं, बोंड्यांचं, भज्यातल्या हवेचं. प्रतिक्षानं डोक्याला हात लावला. मग खाली बसली, पोट धरून हसली, आणि शेवटी म्हणाली, "काका, पाणी धरूनच अर्धा. ताटात दिसते तो अर्धा. कटती आमच्या खात्यात नसते."

"आता समजलं," कवडू म्हणाला. समजलं महिन्याभरापूर्वीच होतं, पण तेही त्यानं कबूल करून टाकलं असतं, कुणी विचारलं असतं तर. कबुलीची एकदा सवय लागली की माणूस वाहवत जातो.

दुसऱ्या दिवशी गुड्डीला लाखांदूरला नेलं. सुई बघून तिनं हंबरडा फोडला. तेव्हा कवडूनं बाही वर केली आणि नर्सबाईला म्हणाला, "आधी मले मारा परखी." त्याचंही शिरेतलं रक्त काढायचंच होतं, त्यानं ओठ आवळून नळी भरू दिली. आबाजी जे करन थे मी करन, हे पोरीचं म्हणणं तिच्यावरच उलटलं. तिनं डोळे मिटून हात पुढं केला.

अहवाल चार दिवसांनी आला. प्रतिक्षानं घरी येऊन वाचला. "साखर उंबरठ्यावर आहे. घरात नाही शिरली अजून. परत धाडता येते."

उषाबाई उठली, मोरीतला दगड उचलला आणि परसात फेकला. शिराळ मात्र ठेवून घेतली; भांड्यांना बरी होती.

त्यानंतर मात्र दोघं खरोखर चालले. पहिल्या सकाळी डोमानं लांबून त्यांना येताना पाहिलं आणि कढईत बोंडे सोडले. दोघं टपरीशी आले, थांबले, दम खाल्ला, नुसताच, आणि पुढं गेले. डोमा झारा हातात घेऊन बघत राहिला. तळ्याला पूर्ण फेरी घालायला त्यांना पाऊण तास लागला. कवडू सहा वेळा बसला, गुड्डी चार वेळा. शेवटच्या बाभळीपाशी तो पूर्णच थांबला आणि गुड्डी पुढं निघून गेली. पंधरा पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आबाजी मागं आहेत आणि आपण पुढं. असं कधी झालं नव्हतं. ती वळून बघत राहिली.

"जा व पुढं," कवडू धापा टाकत ओरडला. "माह्याकडे नको पाहू. मी येतो मांगून."

जानेवारीत प्रतिक्षा पुन्हा वही घेऊन केंद्रावर आली. रांग थांबली, मधुकररावांचा ट्रॅक्टर थांबला, गोदावरीबाईला बसायला कट्टा मिळाला. कवडू चप्पल काढून पुढं आला, तेवढ्यात गुड्डी त्याच्या आणि काट्याच्या मध्ये उभी राहिली.

"थांबा आबाजी."

ती गुडघ्यांवर बसली आणि पाटाच्या चारही बाजूंनी फटीत बोट फिरवलं. मग थप्पीवरून लोंबणारा दोर गोळा करून वर फेकला. मग आजाचे दोन्ही खिसे तपासले. एका खिशातून तंबाखूची डबी निघाली, दुसऱ्यातून कागदात गुंडाळलेला अर्धा बोंडा.

सगळ्यांनी बोंड्याकडे पाहिलं.

"परश्यानं देल्ला," कवडू म्हणाला.

"मी नाई देल्ला," परसराम म्हणाला.

"अर्धाच हाये," कवडू म्हणाला. "ताटात दिसते थो अर्धा."

गुड्डीनं बोंडा गोदावरीबाईच्या हातात दिला, डबी आजीकडे दिली आणि पाटाकडे बोट केलं. कवडू चढला. दोन्ही हात पुढं, मोकळे, सगळ्यांना दिसतील असे. आकडे धावले, डगमगले, थांबले. एकशेछत्तीस किलो चारशे.

"एकच किलो?" गोदावरीबाई बोंडा खात म्हणाली.

"लाभ म्हना," गुड्डीनं तिला बजावलं, आणि आजाला उतरायला हात दिला, कारण आता तिला चढायचं होतं.